शहाजोग: अंबरनाथ पूर्व परिसरातील दूरविक्री आणि तीतील फसवणूक

मराठीत आज ‘शहाजोग’ हा शब्द वापरतात तो कुचेष्टेने. वरून साळसूद आणि आतून भलताच असलेल्या माणसाला तो लावला जातो. सराफी व्यवहारात मात्र या शब्दाचा अर्थ सरळ आणि गंभीर होता. ज्या हुंडीचे पैसे ती घेऊन येणाऱ्या कोणालाही नव्हे, तर केवळ ‘शहा’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या आणि पेढीवाल्यांना ठाऊक असलेल्या व्यापाऱ्यालाच, चुकते करायचे असत, ती शहाजोग हुंडी. विश्वासाची अट सांगणारा शब्द पुढे विश्वासाच्या सोंगाचे नाव कसा झाला, हा भाषाभ्यासकांचा प्रश्न आहे. परंतु दूरच्या गिऱ्हाइकाला माल विकण्याचा आणि त्यात होणाऱ्या फसवणुकीचा इतिहास पाहू लागले की हा अर्थबदल अगदी स्वाभाविक वाटतो, कारण या फसवणुकीतले मुख्य सोंग गिऱ्हाइकाचे नसते, तर विकणारा आणि घेणारा यांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या ‘शहा’चे असते.

समोरासमोरच्या सौद्यात माल आणि पैसा एकाच क्षणी हात बदलतात, त्यामुळे तेथे तंटा झाला तर तो वजनाचा, मापाचा किंवा नाण्याच्या खरेपणाचा असतो. दोघांमध्ये अंतर पडले की माल आधी की पैसा आधी हा प्रश्न उभा राहतो, आणि जो आधी हात सोडतो त्याच्या वाट्याला जोखीम येते. धर्मशास्त्रकारांनी वादाची जी अठरा पदे सांगितली, त्यांत विकून माल न देणे आणि विकत घेऊन पस्तावणे यांची स्वतंत्र दखल घेतलेली आढळते. नारदस्मृतीत त्यांना ‘विक्रीयासंप्रदान’ आणि ‘क्रीत्वानुशय’ अशी नावे आहेत. कायदा तंटा झाल्यावर उपयोगी पडतो; तंटा होऊ नये म्हणून व्यापाऱ्यांनी शोधलेला उपाय वेगळा होता, तो म्हणजे दोघांनाही मान्य असलेला तिऱ्हाईत. दूरविक्रीचा इतिहास हा बऱ्याच अंशी या तिऱ्हाइताचा इतिहास आहे, आणि अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर या पट्ट्यात तो जितक्या निरनिराळ्या रूपांत वावरला, तितका एवढ्याशा भूभागात क्वचितच कोठे वावरला असेल.

हा पट्टा कल्याणच्या पाठीशी आहे, ही गोष्ट त्याच्या व्यापारी इतिहासात निर्णायक ठरली. ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात कल्याणचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा येतो. संदनेस नावाच्या राजाच्या ताब्यात हे बंदर गेल्यापासून तेथील व्यापाराला अडथळे आले असून तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याचा संभव असतो, असे त्यात नोंदलेले आहे. सहाव्या शतकातील कॉस्मस या प्रवाशानेही कल्याणची गणना मोठ्या व्यापारी ठाण्यांत केली. अंबरनाथ पूर्वेस वालधुनी नदीच्या काठी उभ्या असलेल्या शिवमंदिरातील शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख ज्या शिलाहार घराण्याच्या काळातला आहे, त्याच घराण्यातील अनंतदेवाच्या शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटात राजाने आपल्या अमात्याच्या जहाजांना स्थानक, शूर्पारक, चेमुली अशा बंदरांवरील जकात माफ केल्याचे लिहिले आहे. अमात्य स्वतः ‘श्रेष्ठी’, म्हणजे व्यापारी होता, ही त्यातली लक्षणीय बाब होय. परदेशी गिऱ्हाईक या भूमीला नवे नाही. नवे आहे ते राजा, श्रेणी किंवा पेढी यांपैकी कोणीही मध्ये नसताना एकट्या माणसाने त्याच्याशी सौदा करणे.

मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकापर्यंत पश्चिम भारतात तिऱ्हाइताचे काम प्रामुख्याने हुंडीने केले. हुंडी म्हणजे एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला अमुक रक्कम अमुक माणसास द्यावी असे लिहिलेले आज्ञापत्र. ते दाखवताच पैसे मिळणार असतील तर ती दर्शनी हुंडी, आणि ठरावीक दिवसांनंतर मिळणार असतील तर मुदती हुंडी. मुदतीपूर्वी पैसे हवे असल्यास पेढीवाला जी वट्ट्याची रक्कम कापून घेई तिला हुंडणावळ म्हणत. ती रकमेतूनच वजा होत असे आणि ‘आधी हुंडणावळ भरा, मग हुंडी पटेल’ अशी भाषा कोणतीही पतदार पेढी करीत नसे. ही बाब वरवर किरकोळ वाटली तरी पुढील विवेचनात तिचे महत्त्व मोठे आहे.

शहाजोग हुंडीची रचना या दृष्टीने विशेष बारकाईने पाहण्यासारखी आहे. हुंडी चोरीला गेली किंवा तिच्यात खाडाखोड झाली, तरी पैसे अखेरीस कोणा ना कोणा शहाच्या हातीच पडत असल्यामुळे, हुंडी खोटी निघाल्यास ती रक्कम व्याजासह परत करण्याची जबाबदारी त्या शहावर येत असे. याचा अर्थ असा की चोर अनोळखी असला तरी चालत होते, कारण पैसे उचलणारा ओळखीचा असणे ही व्यवहाराची पूर्वअट होती. हुंडी गहाळ झाल्यास तिची दुसरी प्रत काढली जाई, तिला पैठ म्हणत; पैठही हरवली तर परपैठ निघे. पैसे चुकते झालेली हुंडी ‘खोखा’ ठरून पेढीकडे जमा होई, जेणेकरून ती पुन्हा वटवली जाऊ नये. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्यानेही देशी भाषांत लिहिलेल्या अशा कागदांविषयीचे स्थानिक प्रघात पहिल्याच कलमात अबाधित राखले.

या सर्व प्रकारांत जोखमी हुंडी सर्वांत चतुर म्हणावी लागेल. जहाजावर माल चढवणारा व्यापारी माल घेणाऱ्याच्या नावे ती काढी आणि पेढीला विकून आपले पैसे लगेच मोकळे करी. परंतु तिची रक्कम माल सुखरूप पोहोचला तरच देय होई, आणि जहाज बुडाले तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसेही बुडत. कर्ज, वाहतूक आणि विमा या तिन्ही गोष्टी एका चिठोऱ्यात बांधलेल्या असत, आणि जोखीम ती पत्करण्याची ऐपत असलेल्या पेढीच्या अंगावर राही. विकणाऱ्याने माल सोडला की त्याच्या हाती पैसा आलेला असे. आजच्या परदेशी गिऱ्हाइकाच्या फसवणुकीत हेच उलटे होते: माल जातो, पैसा ‘येत असतो’, आणि जोखीम सर्वांत दुबळ्या माणसावर पडते.

हुंडीच्या या जगातील एक मोठा समाज १९४७ नंतर थेट अंबरनाथच्या शेजारी येऊन वसला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करासाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा देण्यात आला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसवून या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. पाच कॅम्पांपैकी चार आणि पाच क्रमांकाचे कॅम्प रुळांच्या पूर्वेस आहेत आणि पाचव्या कॅम्पची हद्द अंबरनाथला भिडते, त्यामुळे अंबरनाथ पूर्वेचा बाजार आणि उल्हासनगरचा बाजार यांच्यातील सीमा कागदावर जितकी ठळक आहे तितकी प्रत्यक्षात कधीच नव्हती. बराकींत उतरलेली माणसे निर्धन झालेली होती. परंतु त्यांच्यापैकी अनेकांच्या मागे दूरव्यापाराची परंपरा होती. शिकारपूरच्या सराफांच्या हुंड्या मध्य आशियातील बाजारांत चालत, आणि मुंबईत त्यांच्याच व्यवहाराला ‘मुलतानी’ हे नाव रूढ होते. हैदराबाद सिंधच्या भाईबंद समाजातील ‘सिंधवर्की’ व्यापारी १८६० च्या आसपासपासून सिंधी हस्तकलेच्या वस्तू आधी मुंबईत आणि मग इजिप्त, माल्टा, सिंगापूर, जपान ते पनामापर्यंत विकू लागले; पोहूमल ब्रदर्स, जे. टी. चनराय, वासियामल आसूमल ही त्यांतील नामांकित पेढ्यांची नावे.

या पेढ्यांची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. मुख्य पेढी हैदराबादेत राही, आणि परदेशातील दुकानांत बसणारे गुमास्ते त्याच गावातून, बहुधा दोन-अडीच किंवा तीन वर्षांच्या कराराने पाठवले जात. त्यांचे कुटुंब मागे गावातच असे. गुमास्त्याने दूर देशी लबाडी केली तर तिची खबर गावात पोहोचून घराची अब्रू जाई, लग्ने मोडत, पुन्हा कोणत्याही पेढीवर काम मिळत नसे. पनामातील काउंटरवर बसलेल्या माणसाला सरळ ठेवणारी शक्ती पनामाच्या पोलिसांत नव्हती, ती हैदराबादच्या गल्लीत होती. क्लॉड मार्कोवित्स या इतिहासकाराने सिंधच्या व्यापाऱ्यांवरील आपल्या २००० सालच्या ग्रंथात हे जाळे सविस्तर उलगडले आहे. फाळणीने सिंधमधील मूळ गाव तुटले, पण हाँगकाँग, कोबे, मनिला, लागोस येथील दुकाने तुटली नाहीत, आणि उल्हासनगरच्या अनेक कुटुंबांचे परदेशाशी असलेले नाते नात्यागोत्यातूनच टिकले. ‘यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा जो विनोद मुंबईभर रूढ झाला, त्यात नकली मालाचा टोमणा आहे. त्या टोमण्यामागे मात्र परदेशी बाजाराला काय हवे असते याची जुनी जाण होती, हे विनोद करणाऱ्यांच्या लक्षात सहसा येत नाही.

ज्याला पेढी नाही, भाईबंद नाही, अशा सामान्य विक्रेत्याला तिऱ्हाईत मिळवून दिला तो टपाल खात्याने. डिसेंबर १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजेच मराठी वाचकांच्या ओळखीची व्ही. पी., सुरू झाली आणि १८८० पासून मनीऑर्डर टपाल कचेरीतून जाऊ लागली. व्ही. पी.त पोस्टमन पुडके दारात आणी, पैसे घेई, मगच पुडके देई आणि तेच पैसे विकणाऱ्याला मनीऑर्डरने पोहोचते करी. पुण्या-मुंबईच्या पुस्तकविक्रेत्यांपासून औषधे विकणाऱ्या वैद्यांपर्यंत अनेकांचा धंदा या एका सोयीवर उभा राहिला, ‘व्ही. पी. सोडवून घेणे’ आणि ‘व्ही. पी. परत येणे’ हे वाक्प्रचार त्याच काळाचे अवशेष होत. येथेही लबाडी लवकरच आली, पण ती विकणाऱ्याच्या बाजूने. न मागवलेली किंवा कवडीमोल वस्तू व्ही. पी.ने पाठवायची, घरातले कोणीतरी पैसे भरून ती घेईलच, असा तो हिशेब असे. म्हणून १८९८ च्या टपाल कायद्याने प्रत्येक व्ही. पी. खरोखर आलेल्या मागणीनुसारच पाठवली जात आहे असे लेखी प्रतिज्ञापन पाठवणाऱ्यावर बंधनकारक केले. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या तरतुदीत एक मर्म आहे: तिऱ्हाईत प्रामाणिक असला तरी त्याच्या विश्वासार्हतेच्या आडून लबाडी होऊ शकते.

कारखानदारीच्या काळात या पट्ट्याचे परदेशाशी नाते बदलले. १९२२ साली आयात काडेपेट्यांवरील जकात वाढल्यानंतर स्वीडिश भांडवलाने १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी काढली आणि तिच्या ‘विम्को’च्या कारखान्याने अंबरनाथचे नाव देशभर नेले. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर अंबरनाथच्या औद्योगिक वसाहती वाढत गेल्या आणि पूर्वेकडील आनंदनगर एमआयडीसीतून रसायने, औषधी द्रव्ये, यंत्रांचे सुटे भाग परदेशी जाऊ लागले. या निर्यातदारांचा तिऱ्हाईत बँक होती, आणि तिचे साधन होते पतपत्र, म्हणजे व्यापाऱ्यांच्या बोलीत ‘एलसी’. घेणाऱ्याची बँक असे लेखी वचन देते की ठरलेली कागदपत्रे, उदाहरणार्थ जहाजावर माल चढवल्याची पावती, बीजक आणि विम्याचा दाखला, तिच्यापुढे आली की ती पैसे देईल. या व्यवहाराचे एकसारखे नियम पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३३ साली प्रथम प्रसिद्ध केले, आणि १ जुलै २००७ पासून त्यांची ‘यूसीपी ६००’ ही आवृत्ती लागू आहे.

बँक मालाकडे पाहत नाही, कागदांकडे पाहते, हे या पद्धतीचे बळही आहे आणि छिद्रही. या छिद्रावरचा जगातला सर्वांत गाजलेला निकाल भारताशी संबंधित आहे, आणि त्यात फसवणूक केल्याचा आरोप भारतीय विक्रेत्यावर आहे. न्यूयॉर्कच्या एका खरेदीदाराने लखनौच्या व्यापारी कंपनीकडून डुकराचे राठ केस मागवले होते. पेट्यांत गाईचे केस आणि केरकचरा भरून कागदपत्रे मात्र बिनचूक पाठवली, असा त्याचा दावा होता. १९४१ साली तेथील न्यायालयाने हे आरोप विचारार्थ खरे धरून असे ठरवले की विक्रेत्याची उघड फसवणूक वेळीच दाखवून दिली असेल तर बँकेला पैसे देण्यापासून रोखता येते. परदेशी गिऱ्हाइकाच्या नावाने बोटे मोडताना हा निकाल आठवणीत ठेवलेला बरा.

एलसीच्या बाबतीत अंबरनाथचा मुरलेला निर्यातदार एक पथ्य कटाक्षाने पाळतो: गिऱ्हाइकाने परस्पर पाठवलेली प्रत तो ग्राह्य मानत नाही. परदेशी बँकेचे पतपत्र त्याच्या स्वतःच्या बँकेकडे, बँकांमधील ‘स्विफ्ट’ या संदेशजाळ्यातून येते, तेथे त्याचा खरेपणा तपासला जातो आणि मगच ते त्याच्या हाती पडते. उधारीवर माल द्यायचा असेल तर ३० जुलै १९५७ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या निर्यात जोखीम विमा महामंडळाचा, म्हणजे आजच्या ‘ईसीजीसी’चा आधार असतो, विशिष्ट परदेशी खरेदीदारावर किती रकमेपर्यंत विसंबावे याची मर्यादा ती संस्था ठरवून देते. जोखमी हुंडी विकत घेणाऱ्या पेढीचीच ही आधुनिक वारस आहे.

२००० नंतर जे घडले ते असे की परदेशी गिऱ्हाईक एमआयडीसीच्या फाटकातून निघून दोन खोल्यांच्या घरात शिरले. त्या वर्षी सुरू झालेली ‘बाझी’ ही लिलावाची संकेतस्थळ-कंपनी २००४ मध्ये ‘ईबे’ने विकत घेतली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेचे भारतीय दालन बंद झाले, दरम्यान ‘ओएलएक्स’ आणि ‘क्विकर’ यांनी जुन्या वस्तूंचा बाजार घराघरांत पोहोचवला. ईबेच्या भारतीय दालनात ‘पैसापे’ ही सोय होती, तिच्यात घेणाऱ्याचे पैसे माल पोहोचेपर्यंत कंपनी स्वतःजवळ ठेवी. नंतरच्या जाहिरातवजा स्थळांनी मात्र माणसे जोडून दिली आणि मधली जागा रिकामी सोडली. २०११ च्या जनगणनेत अडीच लाखांवर गेलेल्या अंबरनाथात बदलीमुळे, नव्या घरामुळे किंवा केवळ अडगळ नको म्हणून कपाट, कॅमेरा, हार्मोनियम, जुनी नाणी विकणारी कुटुंबे या रिकाम्या जागेशी येऊन ठेपली. त्यांच्याकडे ना शिकारपुरी पेढी होती, ना पोस्टमन, ना एलसी.

ती जागा भरायला जे आले त्यांची वंशावळ युरोपात सापडते. पॅरिसच्या गुप्त पोलीस खात्याचा प्रमुख राहिलेल्या विदोकने १८२८ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या आठवणींत तुरुंगातून धनिकांना लिहिल्या जाणाऱ्या अशा पत्रांचे वर्णन केले आहे, ज्यांत कोठेतरी पुरलेल्या खजिन्याचे आमिष असे आणि तो सोडवण्यासाठी आधी थोडी रक्कम मागितलेली असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रकार ‘स्पॅनिश कैदी’ या नावाने कुप्रसिद्ध झाला, आणि १९८० नंतर नायजेरियातून सुटलेल्या पत्रांमुळे त्याला तेथील फौजदारी संहितेच्या कलमावरून ‘४१९’ हे नाव मिळाले. भारतीय दंड संहितेतील फसवणुकीचे कलम ४२० होते आणि ‘चारसोबीस’ हा शब्द त्यावरूनच रूढ झाला, त्यामुळे दोन देशांच्या लबाडीत एका आकड्याचेच अंतर उरते. ही पद्धत कोणत्याही एका देशाची मक्तेदारी नाही, हे तिच्या इतिहासावरूनच स्पष्ट आहे.

वस्तू विकणाऱ्यासाठी बेतलेल्या प्रकारात गिऱ्हाईक स्वतःला परदेशी म्हणवते, घासाघीस न करता सांगितलेली किंमत मान्य करते, वस्तू पाहण्याचा आग्रह धरत नाही आणि किमतीपेक्षा मोठ्या रकमेचा धनादेश धाडते. वरची रक्कम माल उचलायला येणाऱ्या ‘वाहतूकदाराला’ द्यावी अशी त्याची विनंती असते. अमेरिकेत ही युक्ती फोफावली याचे कारण तेथील बँकिंगच्या नियमांत आहे: १९८७ च्या कायद्यानुसार बँकांना जमा धनादेशाचे पैसे काही दिवसांतच ग्राहकाला वापरू द्यावे लागतात, मात्र धनादेश खोटा असल्याचे कळायला त्याहून बरेच दिवस लागू शकतात, आणि मग आधी वापरायला दिलेली रक्कम बँक खात्यातून परत वळती करते. खात्यात दिसणे आणि वटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हुंडीच्या पेढीवरचा पोरसवदा कारकूनही जाणत होता. वाहतूकदार म्हणून उभा केलेला माणूस हाच येथला खोटा शहा; विक्रेता त्याला स्वतःच्या खिशातले खरे पैसे देतो.

भारतात विदेशी धनादेश वसुलीला वेळ लागतो, म्हणून येथे धनादेशापेक्षा खोट्या ईमेलचा मार्ग अधिक चालला. नामांकित पैसे-वहन कंपनीच्या किंवा बँकेच्या नावाने असा संदेश येतो की रक्कम जमा झाली असून माल पाठवल्याचा टपाल क्रमांक कळवताच ती मोकळी केली जाईल. पुढच्या संदेशात ‘विदेशी चलन मंजुरी’, ‘सीमाशुल्क’, ‘रिझर्व्ह बँकेचे शुल्क’ अशा नावांनी आगाऊ पैसे मागितले जातात. रिझर्व्ह बँकेने अशा काल्पनिक परदेशी रकमांविषयी वेळोवेळी इशारे दिले आहेत आणि आपण व्यक्तींची खाती ठेवत नाही, असेही स्पष्ट केले आहे. ४ ऑगस्ट २०२१ च्या निवेदनात तिला जुन्या नोटा आणि नाण्यांच्या ऑनलाइन विक्रीचा मुद्दाम उल्लेख करावा लागला, कारण तिचेच नाव आणि बोधचिन्ह वापरून शुल्क, दलाली व कर यांच्या नावाखाली लोकांना लुबाडले जात होते. खरी बँक आपला खर्च आलेल्या रकमेतून कापून घेते. हुंडणावळीचा जुना शिरस्ता याबाबतीत आजही तंतोतंत खरा आहे. जुन्या वस्तूंच्या बाबतीत आणखी एक पेच असतो: १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाहीत, त्यामुळे अशी वस्तू परदेशी पाठवायला निघालेला विक्रेता लुबाडला गेला तरी पोलिसांकडे जायला कचरतो.

एप्रिल २०१६ मध्ये ‘यूपीआय’चा आरंभ झाल्यावर हाच खेळ देशी वेशात आला. गिऱ्हाईक आता सैन्यातला जवान असते, बदलीच्या गडबडीत असते, आणि शहरातील आयुध निर्माणीमुळे लष्करी गणवेशाविषयी आपुलकी असलेल्या अंबरनाथात ही बतावणी अधिकच पचते. ‘पैसे मिळवण्यासाठी’ एक क्यूआर संकेत पाठवला जातो आणि विक्रेत्याला गुप्त पिन टाकायला सांगितले जाते. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. एवढे एक वाक्य ठाऊक नसल्याने ही लबाडी वर्षानुवर्षे चालली. अखेर व्यक्ती-व्यक्तींमधील पैसे-मागणीची ‘कलेक्ट’ ही सोयच राष्ट्रीय देयक महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. जादा शून्य चुकून पडले, वरचे पैसे परत करा, असा बनावट एसएमएस हा तर जुन्या वाढीव धनादेशाचाच धाकटा भाऊ आहे.

या सर्व प्रकारांत विक्रेत्यापुढे तिऱ्हाईत असतोच, पण तो गिऱ्हाइकाने आणलेला असतो. जुन्या पद्धतींत तो विकणाऱ्याच्या ओळखीचा किंवा दोघांपासून स्वतंत्र असे. म्हणून घरगुती विक्रेत्यानेही एमआयडीसीतील निर्यातदाराचे पथ्य पाळावे: रक्कम आली की नाही हे आलेल्या दुव्यावरून नव्हे तर स्वतःच्या बँकेच्या खात्यात किंवा शाखेत जाऊन पाहावे, वाहतूकदार स्वतः निवडावा, आणि वाढीव रक्कम आली तर सौदा मोडून ती आलेल्याच मार्गाने बँकेकरवी परत पाठवावी. खरोखरच परदेशी माल धाडायचा असेल तर विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात क्रमांक काढून टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रातून तो पाठवण्याची रीतसर वाट उपलब्ध आहे. ती थोडी कष्टाची आहे, आणि परदेशी म्हणवणारे जे गिऱ्हाईक ती वाट टाळण्याची घाई करते त्याची ओळख त्या घाईनेच पटते.

पैसे गेलेच तर पहिले काही तास मोलाचे असतात, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरवली जाण्यापूर्वी गोठवता येते. त्यासाठी २०२१ मध्ये १५५२६० हा दूरध्वनी क्रमांक सुरू झाला आणि पुढच्या वर्षी त्याची जागा १९३० या सोप्या क्रमांकाने घेतली. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचे कलम ४२० राहिलेले नसून भारतीय न्याय संहितेचे ३१८ आहे, आणि तोतयेगिरी संगणकावरून झाली असल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ‘६६ ड’ हे कलमही लागते. त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तिच्यावर तीन दिवसांत प्रत्यक्ष सही करावी लागते. अंबरनाथ पूर्वेच्या रहिवाशांसाठी ठाणे पोलीस आयुक्तालयाचे शिवाजीनगर पोलीस ठाणे आहे, आणि गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी तक्रार नोंदवून घेणे त्याला बंधनकारक आहे.